जादूचा चष्मा : किती खरा, किती हौसेचा?



आपल्या मंडळींत चष्मा नसलेले घर शोधून सापडायचे नाही. एक वाचायचा, एक लांबचा, एक उन्हातला, आणि चौथा हरवलेला! कपाळावर चष्मा चढवून घरभर त्याचाच शोध घेणारे आजोबा तर प्रत्येक घरात एक तरी असतातच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! अशा आम्हा चष्मेवाल्यांसाठी बाजारात आता आणखी एक चष्मा आला आहे, आणि या वेळी सदरात त्याचीच गोष्ट सांगायची आहे. ज्या मुलांना देवनागरी अजून अडखळत वाचता येते, त्यांना आजीने जवळ बसवून वाचून दाखवावे. मध्ये एक-दोन प्रयोगही आहेत, ते दोघांनी मिळून करावेत.

हा चष्मा काय करतो? दिसायला तो साध्या जाड काडीच्या चष्म्यासारखाच. पण तो घातला की समोरच्या काचेत अक्षरे उमटतात. समोरचा माणूस बोलू लागला की सिनेमाखाली पट्टी येते तसे त्याचे बोलणे लिहून येते. अनोळखी गावात चालताना कुठे वळायचे ते दाखवणारा नकाशा येतो. इंग्रजीत याला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात. मराठीत कोणी 'संवर्धित वास्तव' असा शब्द केला आहे, तो ऐकूनच धडकी भरते. हिब्रूत म्हणतात 'मेत्सिउत रबुदा', म्हणजे थर दिलेले वास्तव. हा शब्द आम्हाला जास्त पटतो. खाली खरे जग, आणि त्यावर मिठाईवरच्या चांदीच्या वर्खासारखा अक्षरांचा एक पातळ थर.

नातवंडे हौसेने विचारतात, "साबा, तुला हा घेऊ या का? मग तुला सगळं वाचता येईल, सगळं कळेल!" त्यांची माया आम्हाला कळते. पण पैसे मोजायच्या आधी हा वर्ख किती चांदीचा आणि किती नुसता चकाकणारा, ते पाहिलेले बरे.

मुलांनो, आता पहिला प्रयोग. रात्री खोलीत दिवा लावा, त्रिसीम वर करा आणि बंद खिडकीच्या काचेसमोर उभे राहा. काय दिसते? बाहेरचा रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्यावर तरंगत असलेले तुमचे तोंडही दिसते. खोलीतला दिवा मालवा, तोंड गायब! रस्ता मात्र तिथेच. काच थोडा उजेड आरपार जाऊ देते आणि थोडा परत फिरवते, म्हणून ही गंमत होते. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर नावाच्या गृहस्थांनी हीच युक्ती वापरून नाटकाच्या रंगमंचावर भूत उभे केले होते. तिरकी लावलेली मोठी काच प्रेक्षकांना दिसत नसे. भुताचे सोंग घेतलेला नट खाली लपलेला असे, त्याच्यावर झगझगीत उजेड टाकला की त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर तरंगे. लोक घाबरून ओरडत.

जादूच्या चष्म्यात हेच पेपरसाहेबांचे भूत बारीक होऊन बसले आहे. काडीमध्ये एक चिमुकला प्रोजेक्टर असतो. त्याचा उजेड काचेच्या आत शिरतो, आतल्या आत आपटत आपटत पुढे जातो आणि डोळ्यासमोर आला की बाहेर पडतो. उजेडाला असे काचेतून चालवणे फार अवघड काम आहे, आणि त्यात आपल्या इस्रायलचाही वाटा आहे. नेस झिओना येथील लुमुस ही २००० साली सुरू झालेली कंपनी काचेच्या पोटात अर्धवट आरशांच्या पातळ पट्ट्या बसवून ते करते.

कल्पना मात्र आजकालची नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली असा पहिला चष्मा केला. चष्मा कसला, लोखंडी सांगाडाच तो! इतका जड की छताला टांगून ठेवावा लागे आणि माणसाने त्याखाली डोके घालायचे. त्यातून तारेचा केल्यासारखा एक चौकोनी ठोकळा हवेत तरंगताना दिसे. म्हणजे आपल्यापैकी कित्येक जण या देशात येऊन उलपानमध्ये अलेफ-बेत गिरवत होते, साधारण त्याच काळात हा चष्मा जन्मला. पन्नासहून अधिक वर्षे झाली. मग तो अजून घरोघर का नाही?

पैसा कमी पडला असे म्हणता येणार नाही. गुगलने २०१३ साली आपला चष्मा १५०० डॉलरला निवडक लोकांना दिला. एका डोळ्यावर छोटासा लोलक आणि शेजारी कॅमेरा. लोक त्या माणसापासून दूर सरकू लागले, काही हॉटेलांनी तो घालून यायला बंदी केली. जानेवारी २०१५ मध्ये सामान्य लोकांसाठीची विक्री थांबली. नंतर कारखान्यांसाठी केलेला प्रकारही मार्च २०२३ मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली होलोलेन्स आणला, किंमत ३००० डॉलर, वजन जवळजवळ ५८० ग्रॅम. दुसरा २०१९ साली आला, त्याची किंमत ३५०० डॉलर. २०२४ साली त्याचेही उत्पादन बंद केल्याचे कंपनीने सांगितले. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढी हुशार माणसे, तरी घोडे अडते कुठे?

पहिली अडचण तुम्ही खिडकीपाशीच पाहिलीत. पुन्हा काचेसमोर उभे राहा. पांढरा सदरा छान दिसतो. काळे केस? ते दिसतच नाहीत, त्या जागी रस्ता दिसतो. कारण काच उजेडात उजेड मिसळू शकते, पण असलेला उजेड पुसू शकत नाही. म्हणून या चष्म्याला काळा रंग दाखवता येत नाही, सावली पाडता येत नाही. त्यातून आलेले सगळे चित्र थोडे भुतासारखेच, आरपार. आणि दिवसा त्याच खिडकीत तुमचे तोंड दिसते का? नाही. बाहेरचा उजेड त्याला गिळून टाकतो. आता बेरशेव्यात किंवा दिमोनात ऑगस्टच्या दुपारी बारा वाजता बाहेर पडा, आणि सांगा, त्या उन्हापुढे काडीतला चिमुकला दिवा किती टिकेल? नवे दिवे खूप प्रखर झाले आहेत, हे खरे. पण सूर्याशी झुंज आहे, सोपी नव्हे.

दुसरी अडचण जागेची. मुलांनो, हात समोर लांब ताठ करा आणि बोटे ताणून वीत दाखवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर दिसते ते साधारण वीस अंश. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत विकायला काढलेल्या पडदावाल्या चष्म्यात चित्राची जागा एवढीच आहे, तीही फक्त उजव्या डोळ्यासमोर. आपले दोन डोळे मिळून जवळजवळ दोनशे अंश पाहतात. म्हणजे जाहिरातीत घरभर तरंगणारे हत्ती-घोडे दिसतात, आणि प्रत्यक्षात मिळते एक वीतभर खिडकी.

तिसरी अडचण नाकाची. साधा चष्मा असतो तीसेक ग्रॅमचा. हा मेटाचा ६९ ग्रॅमचा. त्यात बॅटरी, दिवा, कॅमेरा, संगणक सगळे कोंबायचे, तेही कानशिलाला चटका बसू न देता. बॅटरी मोठी करावी तर वजन वाढते, लहान करावी तर दुपारीच संपते. ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३४९९ डॉलरचे जे यंत्र आणले, त्यात समोर आरपार दिसणारी काच नाहीच. कॅमेऱ्याने बाहेरचे जग टिपून आतल्या पडद्यावर दाखवतात. त्यामुळे काळा रंगही दिसतो आणि चित्रही भरपूर मोठे. पण तोंडावर ६०० ग्रॅमहून जड पेटी बांधून कोण बाजारात जाईल? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच.

चौथी अडचण डोळ्यांची. दुसरा प्रयोग करा. एक बोट नाकासमोर धरा आणि त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे पाहा. बोटे दोन दिसतात ना? जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंगही जवळच्यासाठी जुळते, ही दोन्ही कामे नेहमी जोडीने चालतात. दोन्ही डोळ्यांना चित्र दाखवणाऱ्या यंत्रात ही जोडी तुटते. चित्र हाताशी असल्यासारखे भासते, पण भिंगाला मात्र दोनेक मीटरवर जुळावे लागते. म्हणून पुष्कळांचे डोके दुखते, मळमळते. अमेरिकन सैन्याने होलोलेन्सवरून केलेल्या चष्म्याची चाचणी घेतली, तेव्हा २०२२ साली जवानांनी हीच तक्रार केली होती. आणि आपल्यासारख्यांसाठी आणखी एक साधी गोष्ट: नंबर. मेटाच्या त्या चष्म्यात उणे चार ते अधिक चार एवढ्याच नंबराची काच बसते. नंबर त्याहून मोठा असला तर तुमची काच त्यात बसायची नाही.

म्हणजे सगळे फुकटच का? नाही हो, तसे आम्ही म्हणत नाही. जिथे काम एकच आहे, उजेड हातात आहे आणि दोन्ही हात गुंतलेले आहेत, तिथे हा चष्मा फार कामाचा. १९९०च्या सुमारास विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी ही कल्पना मांडली. विमानात हजारो तारा जोडायच्या असतात, कोणती तार कुठे ते कामगाराच्या डोळ्यांसमोरच दाखवावे, एवढाच त्यांचा हेतू. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नावही त्यांच्याच नावावर सांगतात.

याहून मोठे उदाहरण आपल्या देशातले. इस्रायलमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या ऑगमेडिक्स कंपनीने सर्जनसाठी असा चष्मा केला. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरला आतले हाड दिसत नसते, त्यासाठी मान वळवून शेजारच्या पडद्याकडे पाहावे लागते. या चष्म्यात रुग्णाच्या सी.टी. स्कॅनमधला मणका थेट त्याच्या पाठीवर, आहे त्याच जागी दिसतो. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि जून २०२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो घालून डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मणक्यात सहा स्क्रू बसवले. इथे ऊन नाही, रुग्ण हलत नाही, काम ठरलेले, आणि घालणारा माणूस शिकलेला. चष्म्याने डॉक्टर बनवला नाही. डॉक्टरच्या डोळ्याला हवी ती एक गोष्ट योग्य जागी ठेवली.

आता वळू या आपल्या घराकडे. आपल्याला मणक्यात स्क्रू बसवायचे नाहीत. आपली अडचण दोन प्रकारची. एक कानाची, आणि एक भाषेची.

कान कमी झालेल्या माणसाला बोलण्याची पट्टी डोळ्यांसमोर दिसली तर त्याचे एकटेपण किती कमी होईल, हे ज्याच्या घरात असे कोणी आहे त्यालाच ठाऊक. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतात आणि आजोबा उगाच मान डोलावून हसतात, कारण विनोद कळलेलाच नसतो. पट्टीच्या चष्म्याचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. वीतभर खिडकी या कामाला पुरते, काळा रंगही लागत नाही. मात्र लग्नाच्या हॉलमध्ये, चार जण एकदम बोलत असताना आणि डीजे वाजत असताना, पट्टीचीही भंबेरी उडते. कानाच्या यंत्राऐवजी चष्मा, असे कोणी समजू नये.

भाषेची अडचण अधिक खोल आहे. आजी मराठीत विचार करते, नात हिब्रूत. मधली पिढी दुभाष्याचे काम करते, आणि ती कामावर गेली की दोघी एकमेकींकडे पाहून हसतात, खाऊ देतात-घेतात, आणि बोलणे तिथेच थांबते. चष्मा हे दार उघडेल का? २०२५च्या मे महिन्यात गुगलने मंचावर दोघांना चष्मे घालून बसवले, एकाने फारसीत बोलायचे आणि एकीने हिंदीत, दोघांना इंग्रजी पट्टी दिसायची. एक-दोन वाक्ये जमली आणि चष्मा अडला. मेटाच्या चष्म्यात सुरुवातीला भाषांतरासाठी ज्या मोजक्या भाषा दिल्या, त्यांत ना मराठी होती ना हिब्रू. पुढे येतीलही. पण आपली मराठी त्याला कळेल का? "कुपातचा तोर सकाळचा होता, पण रोफेच आला नाही," असे आपण सहज बोलतो. यात मराठी किती आणि हिब्रू किती? ज्याला एकाच भाषेचे बोलणे ऐकायला शिकवले आहे, ते यंत्र 'तोर' ऐकून 'तोरा' समजेल, आणि सबंध दवाखानाच नखरेल ठरेल!

यंत्र चुकते तेही छातीठोकपणे, हे ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाच्याच सभेत एका आचाऱ्याने पडदा नसलेल्या, नुसत्या बोलणाऱ्या चष्म्याला विचारले, सॉस करायला सुरुवात कशी करू? चष्मा म्हणाला, तुम्ही मूळ जिन्नस एकत्र केलेच आहेत, आता पुढे चला. आचाऱ्याने अजून काहीच केले नव्हते. त्याने पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. सभेत लोक हसले. पण प्रश्न सॉसचा नसून औषधाच्या गोळीचा असता तर?

आणखी एक सावधगिरी. विसर पडू लागलेल्या माणसाला वाटते, समोरच्याच्या चेहऱ्याखाली नाव लिहून आले तर किती बरे! पण २०२४ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की कॅमेऱ्याचा चष्मा घालून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ताही शोधून काढता येतो. त्यांनी ते लोकांना जागे करण्यासाठी केले. पण फोनवरून म्हाताऱ्यांना फसवणाऱ्यांच्या हाती हे लागले तर? एखादा अनोळखी माणूस नावाने हाक मारून ओळख सांगू लागला, तर आधी घरच्यांना फोन करा. संकोच करू नका.

मग घ्यावा का? आमचे मत विचाराल तर, आज घाई नको. यातले अर्धे काम खिशातला फोन फुकटात करतो. बितुआख लेउमीचे पत्र आले तर भाषांतराच्या ॲपमधून त्यावर कॅमेरा धरा, हिब्रूचे मराठी दिसते. समोरच्याचे बोलणे मराठीत लिहून दाखवणारे ॲपही आहे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मुलांनो, हे आजी-आजोबांच्या फोनवर बसवून देणे तुमचे काम. आणि आजी-आजोबांनो, तारीख, रक्कम आणि औषधाचे प्रमाण, या तीन गोष्टी यंत्राने सांगितल्या तरी माणसाकडून तपासून घेणे हे तुमचे.

एक गोष्ट मात्र कोणताही चष्मा करणार नाही. थर द्यायचा तर थरावर काय लिहायचे ते आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. बाल्टिमोरच्या डॉक्टरांकडे सी.टी. स्कॅन होता. आपल्या कपाटातल्या आल्बमचा स्कॅन कोणाकडे आहे? अलिबाग, पेण, पनवेलकडचे ते काळे-पांढरे फोटो, नऊवारीतली पणजी, तिच्या मांडीवरचे बाळ, मागे उभा असलेला टोपीवाला. उद्या जगातला सर्वांत हलका, सर्वांत स्वस्त चष्मा घालून नातीने त्या फोटोकडे पाहिले तर काचेत काय उमटेल? 'तीन माणसे, एक घर.' बस्स. बाळ म्हणजे आपली सबता आणि टोपीवाला म्हणजे तिचा मामा, हे फक्त सबतालाच ठाऊक. तिने सांगितले नाही तर ते कुठल्याच यंत्राच्या पोटात जाणार नाही.

शिवाय ज्या घरांत शब्बाथ पाळतात, तिथे शुक्रवारी दिवे लागले की हा चष्मा पेटीत जाणार. आणि सगळी पिढी टेबलाभोवती जमते ती नेमकी त्याच संध्याकाळी! तेव्हा पट्टी नाही, भाषांतर नाही. आजीची चार हिब्रू वाक्ये आणि नातीची चार मराठी वाक्ये, एवढ्यावरच काम चालवायचे. ती चार-चार वाक्ये आधी जमवलेली असली तर चालते.

तेव्हा मुलांनो, या महिन्याचा गृहपाठ. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी आल्बम काढा, सबताजवळ बसा. प्रत्येक फोटोतल्या माणसाचे नाव विचारा, आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, फार न दाबता लिहा. हिब्रूत लिहा, मराठीत लिहा, जमेल तसे. गाव लिहा, साल आठवत असेल तर साल लिहा. आजी-आजोबांनो, तुम्हीही वाचायचा चष्मा शोधून ठेवा. आधी कपाळावर पाहा!

पुढच्या अंकात भेटू. तोवर शालोम.